सगळ्यांना ठाऊक, घराला नाही

मांजरी बुद्रुक
१० ऑगस्ट २०२५

उत्कर्षा,

फोन करायचा नाही हा तुझा नियम पाळतोय. आठवा आठवडा चालू आहे. जूनमध्ये मी फोनवर ओरडलो ते चुकलंच, पण त्याबद्दल माणसाला थेट पोस्टात ढकलायचं म्हणजे अति झालं. आमच्या पोस्टातला माणूस आता मला लांबून बघूनच तिकीट काढून ठेवतो. तरी एक कबूल करतो. तोंडाने जे मी सहज बोलून टाकतो, ते कागदावर उतरेपर्यंत त्यातलं निम्मं मलाच पटेनासं होतं. हे तुला आधीच माहीत असणार. तुला सगळं आधीच माहीत असतं.

तू विचारलंस, "घरी सांगितलंस का? हो किंवा नाही, एका शब्दात." एका शब्दात येत नाही गं. ऐक.

घरात आम्ही चौघं. आबा म्हणजे आजोबा, अण्णा म्हणजे वडील, आई आणि मी. रोपवाटिकेच्या शेडमध्ये उसाच्या एकेका डोळ्याचं रोप करून ट्रे भरायचे, हा आमचा दिवस. त्यामुळे चौघं सतत एकमेकांच्या पायात. आता गंमत बघ.

मागच्या मंगळवारी आईने धुण्याच्या दगडापाशी बोलावलं. माझ्या शर्टाच्या खिशात तुझं पत्र होतं. तिने ते भिजायच्या आत काढलं आणि हळूहळू, एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. म्हणाली, "पोरगी अक्षर लई नीट काढती. मला काय न्हाई अडचण. पण तुझ्या अण्णांना कळू दिऊ नको. त्यांला आपल्याबाहिरची सून न्हाई चालायची." आणि स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

बुधवारी आबा. फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात, टपाल त्यांच्याच हातात पडतं. "आठवड्याला कर्वेनगरचं पाकीट येतंय, ते काय लाइटबिल हाय व्हय रं? आन की घरात तिला. पण तुझ्या आईला सांगू नको. तिनं भावाची पोरगी मनात धरलीया. मोडून पडंल ती." शपथ नंबर दोन.

शुक्रवारी वारज्याला रोपं टाकून येताना गाडीत अण्णा. समोर बघत बोलले, "म्हात्रे पुलाच्या खाली कणीस खात उभे व्हता तुम्ही. मी गाडी हळू केली. मग जोरात मारली."  मग, "पोरगी हसती चांगली. पण आबांच्या कानावर घालू नको. त्यांच्या वयाला जातीबाहेरचं सोसायचं न्हाई. शब्द दे." दिला.

म्हणजे तिघांनाही माहीत. तिघांचंही हो. आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला कळलं तर घर फुटेल. आईला अण्णांचं भय, अण्णांना आबांचं, आबांना आईचं. मी मध्ये उभा, तिघांच्या तीन शपथा घेऊन.

दोन ऑक्टोबरला दसरा. त्या दिवशी पुसदला तुझ्या घरी अमरावतीचा तो इंजिनिअर तुला बघायला येणार. त्याआधी तुला तुझ्या बाबांशी बोलायचंय आणि त्यांचा पहिला प्रश्न असणार, "मुलाच्या घरचे काय म्हणतात?" त्याचं उत्तर मी तुझ्या हातात द्यायचंय. मला वाटतं, सरळ जेवताना ताटावरून उठून ओरडून सांगावं. काय होईल ते होईल.

सांग, ओरडू का?

रणजित


कर्वेनगर
१५ ऑगस्ट

रणजित,

नाही. ओरडायचं नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा हसले, एकदा रडले. तुझ्या आईने माझ्या अक्षराबद्दल म्हटलेलं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. त्या पत्रात मी तुला 'बैल' म्हटलं होतं, तेही त्यांनी वाचलं असेल ना? बाप्पा!

तू माझ्या तर्कशास्त्राच्या थिसिसचं दुसरं प्रकरण घरी बसून जगतोयस. 'सगळ्यांना माहीत असणं' आणि 'सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही त्या चिन्हांत लिहितो, पण मला त्या कळल्या त्या होस्टेलच्या मेसमध्ये. पाच महिने आम्हाला वरण म्हणून पिवळं पाणी मिळत होतं. चाळीसही मुलींना ते कळत होतं. पण प्रत्येक जणी मान खाली घालून खायची, आणि प्रत्येकीला वाटायचं, बाकीच्यांना चालतंय, मीच नखरेल. एक दिवस अकोल्याच्या एका मुलीने ताट आपटलं आणि म्हणाली, "हे वरण आहे का हात धुतलेलं पाणी?" रणजित, तिने काहीही नवीन सांगितलं नव्हतं. तरी चाळीस ताटं खाली गेली. त्या दिवसापासून वरण घट्ट आहे.

तुमच्या घरात माहिती भरपूर आहे. ताट आपटलेलं नाही एवढंच.

पण तू आपटू शकत नाहीस. तू तिघांना शब्द दिलायस. आमच्या विषयाचा दुसरा भाग कर्तव्याचा आहे, आणि तो माहितीला चिकटलेला असतो. शेजारच्या खोलीतली मुलगी तापाने फणफणलीय हे मला माहीतच नसेल, तर मी झोपले यात माझी चूक नाही. कुणी येऊन सांगितलं, की त्या क्षणी मला उठावंच लागतं. म्हणजे सांगणारा नुसती बातमी देत नाही, काम देतो. तुझ्या घरचे तिघं एकमेकांना त्या कामापासून वाचवतायत. भांडायचं काम, रुसायचं काम, जातीचं बोलायचं काम. मला तर ती मायाच वाटते.

तू शब्द मोडलास तर तिघांनाही वाटेल की सांगून चूक केली. मला अशा घरात यायचं नाही जिथे तुला सांगायची लोकांना भीती वाटते.

जेवताना हळूच काही सुचवता येतं का बघ. कुणाचं नाव न घेता. आणि अंगात ताप असेल तर पत्र लिहू नकोस, मागच्या वेळी अक्षर वेडंवाकडं होतं.

उत्कर्षा


मांजरी
२४ ऑगस्ट

उत्कर्षा,

सुचवलं. आता ऐक काय झालं ते.

गुरुवारी चौघं जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "समजा, एखाद्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे."

आबा म्हणाले, "कुणाच्या घरात?"

"समजा म्हटलं."

"आरं पण कुणाच्या? कुंभारवाड्यातल्या?"

"कुणाच्याच नाही आबा. पण प्रत्येकाला वाटतंय की..."

अण्णा म्हणाले, "समजा-बिमजा सोड. भाकरी मोड."

तिघांनी एकदम ताटात बघितलं.  आणि मग जेवण झाल्यावर एकेक जण मला गाठायला लागला. आई भांड्यांपाशी, "माझं नाव घेणार व्हतास व्हय रं?" आबा फाटकापाशी, "तुझ्या आईचं त्वांड बघितलंस का? उतरलं व्हतं." अण्णा शेडमध्ये, ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरता भरता, "आबांना संशय आलाय. गप बस जरा." तिघांनी पुन्हा शपथा घातल्या. आता सहा झाल्या. तुझ्या चिन्हांत हे कसं लिहितात?

मला राग आलाय आणि तो तुझ्यावर नाही, म्हणून तुलाच लिहितो. माणसं भित्री असतात उत्कर्षा. तू त्याला माया म्हण, मी भेकडपणा म्हणतो. मी हे एकदा बघितलंय. तिसऱ्या वर्षात आपल्या त्या सरांनी साईनाथला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हाय-न्हाय बोलणाऱ्यांनी शेवटच्या बाकावर बसायचं." साईनाथ त्यानंतर वर्गात तोंड उघडेना. तेव्हा आपल्या अख्ख्या वर्गाने ठरवलं, पुढच्या चाचणीला दुसरी घंटा झाली की सगळ्यांनी कोरे पेपर ठेवून उठायचं. ठरवताना काय आवाज होते एकेकाचे! आणि घंटा झाल्यावर उठलो मी एकटा. बाकी चाळीस जण पेपरात डोकं घालून. मी बाकाला लाथ मारली, नाही नाही ते बोललो आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही. घरी अजून वाटतं, पोरगं अभ्यासाला कंटाळलं.

तू त्या दिवशी तापाने आजारी होतीस. असतीस तर उठली असतीस. एवढी एकच गोष्ट आहे जी मला कुणी सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

बुधवारी गणपती बसतायत. आबांनी मखर करायला घेतलंय. वेळ जातोय.

रणजित


कर्वेनगर
२ सप्टेंबर

रणजित,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. हे पाचवं.

मला ताप नव्हता.

मी वर्गात होते. खिडकीकडच्या रांगेत, पाचव्या बाकावर. माझ्या थिसिसचं पहिलंच वाक्य आहे, 'एका वर्गात एकेचाळीस विद्यार्थी आहेत असे समजू.' समजू वगैरे काही नाही. एकेचाळीस होते. मी त्यातली एक.

दुसरी घंटा झाली. तू उठलास ते मी बघितलं. तुझ्या बाकाचा आवाज अजून येतो कानात. मी उठले, रणजित. अर्धी. बाक आणि मी यांच्यात वीतभर अंतर पडलं होतं. मग माझ्या पुढची सुरुची उठत नाही असं दिसलं आणि मी खाली बसले. सहा महिन्यांनी सुरुची मला म्हणाली, तिने पेन बंद करून ठेवलं होतं, पण मागे कुणाची हालचाल ऐकू येईना म्हणून ती बसून राहिली. तिच्या मागे मी होते.

दुसऱ्या दिवशी तुझी बॅग द्यायला मी मांजरीला आले. साईनाथकडून घेतली असं सांगितलं. ती तुझ्या बाकावरून मीच उचलली होती. तू दारात उभा राहून म्हणालास, "तू नव्हतीस ना काल? नसणारच." मी म्हटलं, "ताप होता." किती सोपं होतं ते! त्यानंतर तू माझ्याशी बोलायला लागलास. मग प्रत्येक दिवशी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

माझ्या गाईड मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "'आपण सगळ्यांनी उठायला हवं होतं' यावरून 'मी उठायला हवं होतं' हे निघतं का?" मी वर्षभर त्यावर पानं भरतेय. एकटीने उठून काय झालं असतं, असं दाखवणारी एक सिद्धता माझ्याकडे आहे, अगदी निर्दोष. मला ती आवडत नाही. कारण तू आधीच उठला होतास. मी एकटी नसतेच.

मी हा विषय का घेतला असं तू नेहमी विचारतोस आणि मी नेहमी काहीतरी विद्वत्तेचं सांगते. म्हणून घेतला.

मी हे तुला सांगून तुला एक काम दिलंय, हे मला कळतं. माफ करायचं किंवा न करायचं. दसऱ्याचं तू मनावर ओझं घेऊ नकोस. आधी हे.

उत्कर्षा


मांजरी
६ सप्टेंबर

पत्र मिळालं. आत्ता लिहिलं तर वाईट लिहीन. म्हणून लिहीत नाही.

र.


मांजरी
१७ सप्टेंबर

उत्कर्षा,

आठवडाभर मी कुणाशी धड बोललो नाही. ट्रे भरले. इतके भरले की अण्णा म्हणाले, "लेका, एवढा ऊस अख्ख्या तालुक्याला लागत न्हाई." तुझी सगळी पत्रं चुलीपाशी नेली होती. आईने विचारलं, "पाणी तापवायचंय व्हय?" मी म्हटलं नाही, आणि परत आणून ठेवली.

मग रविवारी चाकणला गेलो, साईनाथकडे. तो तिथे कारखान्यात लागलाय. दीड वर्षांनी भेटत होतो. तोंड बघताच विचारलं, "तू का नाही उठलास? तुझ्यासाठी होतं ते."

तो म्हणाला, "म्हणूनच नाही उठलो. माझ्यासाठी सगळे उठणार, आणि मीच आधी उठून उभा राहू? लाज वाटली. म्हटलं चार जण उठले की उठतो. तू उठलास. मी तीन मोजायची वाट बघत होतो, तेवढ्यात तू बाकाला लाथ घातलीस. मग सगळ्यांना वाटलं, हे रणजितचं भांडण आहे."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मी मागे वळून बघितलंच नाही, उत्कर्षा. उठलो, ओरडलो, गेलो. मागे एक मुलगी वीतभर वर उठली होती, एकीने पेन बंद केलं होतं, एक जण तीन मोजत होता. जरा थांबलो असतो तर? माहीत नाही. कदाचित कुणीच उठलं नसतं. पण मी थांबलो नाही, आणि दीड वर्ष चाळीस जणांना भेकड म्हणत हिंडलो. त्यात तू होतीस, आणि तू माझ्यासमोर बसून ते ऐकत होतीस. म्हात्रे पुलाखाली कणीस खाताना पण मी तेच बडबडत होतो ना? तू लिंबू चोळत बसली होतीस.

तू वीतभर उठलीस. मला तेवढं पुरतं.

तापाचं खोटं बोललीस, त्याचा राग आहे. तो आहेच. जाईल, पण कधी ते माहीत नाही. राग असेपर्यंत प्रेम बंद ठेवायचं असा तुझ्या लॉजिकमध्ये काही नियम नसेल, तर मी दोन्ही चालू ठेवतो. मला जमतं. सवय आहे.

आता घरचं. पितृपक्ष चालू आहे. आमच्याकडे या पंधरवड्यात लग्नाचा 'ल' काढत नाहीत. एकवीसला संपतो. मग दसऱ्यापर्यंत राहतात दहा-अकरा दिवस. माझ्या तोंडाला सहा कुलपं आहेत. ओरडायचं नाही हे मला आता पटलंय, पण न ओरडता काय करायचं ते येत नाही. तूच सांग. आणि रडली असशील तर पाणी पी. तू रडलीस की डोकं दुखतं तुझं.

तुझा,
रणजित


कर्वेनगर
२३ सप्टेंबर

रणजित,

'तुझा' पहिल्यांदा लिहिलंस. मी पाणी प्यायले.

येत्या रविवारी, अठ्ठावीसला, सकाळी अकरा वाजता मी मांजरीला येते. तिघंही घरात असतील असं बघ. काय कारण सांगायचं ते तू ठरव, पण खोटं नको. 'एक जण भेटायला येणार आहे' एवढं खरंच आहे.

मी कुणाला शब्द दिलेला नाही. तुला कोण काय म्हणालं, त्यातलं मी एक अक्षरही बोलणार नाही. ते तुझं आहे. माझं जे आहे ते मी सांगेन. पण एकेकट्याला नाही. एकाच खोलीत, दिवसाउजेडी, तिघांनी एकमेकांना ऐकताना बघितलं पाहिजे. त्यापुढे ते काय करतील हे कुठल्याही सिद्धतेत नाही. आमच्या विषयात माणसं नीट विचार करणारी असतात आणि त्यांना बीपी नसतं.

तू मध्ये बोलायचं नाहीस. कितीही वेळ शांतता झाली तरी. थांबायचं.

मी घाबरलेय. ताट आपटणारी ती अकोल्याची होती, मी नव्हते. मी पाच महिने ते वरण खात होते आणि वर त्यावर टिपणं काढत होते. तुझे अण्णा 'बाहेर हो' म्हणाले तर मी शांतपणे बाहेर होईन आणि बसमध्ये बसून रडेन. तेवढी परवानगी दे.

साडी नेसू का ड्रेस?

उत्कर्षा


मांजरी
२९ सप्टेंबर

उत्कर्षा,

तू फाटकाबाहेर पडलीस तिथपर्यंतचं तुला माहीत आहे. पण आतून ते कसं दिसत होतं ते तुला माहीत नाही, म्हणून तिथून सुरू करतो.

तू खुर्चीच्या कडेवर बसली होतीस. निळी साडी, पदराला पिन उलटी लावलेली. आबा कॉटवर, अण्णा दारापाशी, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, आणि मी तिच्या मागे. तू म्हणालीस, "मी उत्कर्षा भोयर, पुसदची. मला आणि रणजितला लग्न करायचंय. मी तुमच्यातली नाही, हेही सांगते. हे तुम्हाला एकेकट्याला सांगता आलं असतं. पण मला तुम्हा तिघांना एकदम सांगायचं होतं, म्हणजे मग कुणाला कुणापासून लपवायला लागणार नाही." शेवटच्या वाक्याला आवाज फाटला तुझा. मग अण्णा म्हणाले, "चहा घे, बाय." तू घेतलास, बशीत सांडलास, तिघांच्या पाया पडलीस आणि गेलीस. मी फाटकापर्यंतच आलो, कारण मागचं सोडून यायची हिंमत नव्हती.

परत आलो तर तिघं तिथेच. कुणी जागचं हललं नव्हतं. अण्णा आबांकडे बघतायत, आता भडकतील म्हणून. आबा आईकडे, आता रडेल म्हणून. आई अण्णांकडे. उत्कर्षा, गोल गोल! माझ्या घशापर्यंत आलं होतं, "अहो बोला ना!" मी मुठी आवळल्या. थांबलो. पंख्याचा आवाज येत होता. आयुष्यात इतका वेळ मी कधी थांबलो नसेन. तीन मोजले, मग आणखी तीन.

शेवटी आबा हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग मोकळं. "आरं सगळीच एकमेकाच्या तोंडाकडं बघाय लागलीया. मंजी 'न्हाई' कुणाच्याच तोंडात न्हाई व्हय?"

आई म्हणाली, "मला ठावं हाय. आषाढापासनं."

अण्णांनी मान वळवली. "तुला?"

"मग? शर्ट कोण धुतं ह्या घरात?"

"मी तर पुलाखाली बघितलं हुतं दोघांना," अण्णा म्हणाले. "तीनदा. मुद्दाम गाडी तिकडनं घातली."

आबा उठून बसले. "हित्तं टपाल माझ्या हातात येतंय, आन तुम्ही मला शिकवता व्हय? सगळ्यात आधी मला ठावं!"

मग कुणाला आधी कळलं यावर जे भांडण लागलं ते सांगून सोय नाही. आबांनी मी टाकून दिलेली रिकामी पाकिटं काढून त्यांवरचे शिक्के दाखवले. जपून ठेवलेत म्हातारबाने! आणि आबा आईला म्हणाले, "तुझ्या भावाच्या पोरीचं काय मग?" तेव्हा आई खाली बघून म्हणाली, "दादाला मी राखीपुनवेलाच न्हाई म्हनून आले. पोराचं मन दुसरीकडं हाय म्हनलं." एकटीने, कुणाला न सांगता, माहेराला नाही म्हणून आली होती ती, उत्कर्षा. मला वाटत होतं मीच एकटा उठणारा.

मग अण्णा उठून शेडकडे गेले. तासभर आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. मी गेलो तर ते रिकाम्या ट्रेवर बसले होते. म्हणाले, "तिच्या बापाला काय सांगायचं? पोरगं काय शिकलंय विचारलं तर?"  मग मी पहिल्यांदा त्यांना साईनाथचं सांगितलं, बाकाचं, लाथेचं, सगळं. त्यांनी ऐकलं. बराच वेळ कोकोपीट बोटांनी मोकळं करत राहिले. म्हणाले, "मला वाटलं कंटाळलास. इचारायला पायजे हुतं मी." आणि मग, "कागद आण. चांगला."

उद्या सकाळी अण्णा स्वतः तुझ्या होस्टेलवर येतायत, रोपांची गाडी घेऊनच. हे पत्र त्यांच्याकडेच देतोय, आणि एक त्यांचं, तुझ्या बाबांसाठी. रात्रीच्या गाडीने निघायच्या आधी वाच. उघडंच ठेवलंय, चिकटवायचं नाही म्हणाले. आईने डब्यात काहीतरी दिलंय, ते गाडीत एकटीने संपवू नकोस, घरी ने.

राग अजून थोडा आहे. काल रात्रीपासून सापडत नाही, पण असेल कुठेतरी.

तुझाच,
रणजित


मांजरी बुद्रुक
३० सप्टेंबर २०२५

श्री. सीतारामजी भोयर यांस,
मांजरीहून ज्ञानदेव थोरवे यांचा नमस्कार.

आपली ओळख नाही. ती व्हावी म्हणून लिहीत आहे. पत्र आपल्या कन्येच्या हाती देत आहे. ती रविवारी आमच्या घरी एकटी आली आणि आम्हा सर्वांसमोर बोलली. असे बोलणे आमच्या घरात कोणास जमले नव्हते. आपण तिला चांगले वाढवले आहे.

माझा मुलगा रणजित व ती लग्न करू इच्छितात. आमची संमती आहे. जात निराळी आहे, हे आम्ही जाणून लिहितो. मुलाने कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडले. कारण त्यालाच विचारावे, तो सांगेल, आम्हासही परवाच कळले. रोपवाटिकेचे काम चोख करतो. रागीट आहे. आत एक बाहेर एक असा नाही. मुलीचे शिक्षण पुढे चालू राहील. ती काय शिकते ते रणजितने मला समजावले, थोडे समजले.

दसऱ्याला आपल्याकडे पाहुणे येणार असल्याचे कळले. त्याआधी आपणांस हे ठाऊक असावे, एवढीच घाई. आपण म्हणाल त्या दिवशी आम्ही तिघे पुसदला येऊ.

एक विनंती. आम्हा तिघांस हे पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होते, परंतु दुसऱ्यास ठाऊक आहे हे ठाऊक नव्हते. त्यात आमचे दोन महिने गेले. आपल्या घरात कोणाकोणास काय ठाऊक आहे, ते आम्हास कळण्याचा मार्ग नाही. म्हणून हे पत्र आपण एकट्याने वाचू नये. वहिनींना व घरातील सर्वांना एकत्र बसवून, मोठ्याने वाचावे.

आपला,
ज्ञानदेव गेनबा थोरवे
सौ. मथुराबाई ज्ञानदेव थोरवे
गेनबा थोरवे (सही मीच सर्वांत आधी केली आहे, जागा खाली मिळाली)